कोणत्या तालुक्यातून बोलताय?

मुलुंडच्या माणसाला त्याचा तालुका विचारून पाहा. पिनकोड तो झोपेतही सांगेल. महापालिकेचा वॉर्ड ‘टी’ आहे, हेही सांगेल. तालुका म्हटलं की मात्र आधी हसेल. तालुका गावाकडे असतो, सातबाऱ्यावर असतो, मामाच्या पत्त्यात असतो, मुंबईत कुठला? १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, त्याचं मुख्यालय वांद्र्याला आहे आणि अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे त्याचे तीन तालुके आहेत, हे ऐकून त्याला बातमी कळल्यासारखं होतं. मुलुंड कुर्ला तालुक्यात येतं म्हटल्यावर तर अपमान झाल्यासारखंच वाटतं.

एरवी हे अज्ञान कुणाला नडत नाही. पण १०८ क्रमांकाचा फोन लागतो पुण्यात. महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा राज्यभराचा नियंत्रण कक्ष औंधला आहे. तिथल्या माणसाने आधीचा फोन एटापल्लीचा घेतलेला असतो, पुढचा कणकवलीचा येणार असतो. जिल्हा, तालुका, गाव ही त्याची सरळ वाट. इकडे वडील छातीला हात लावून बसलेत, मुलगा घामाघूम झालाय, आणि ‘तालुका कोणता’ या प्रश्नावर त्याला एकच उत्तर सुचतं : ‘अहो, मुंबई!’

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांच्या गप्पांत अशा गोष्टींना तोटा नसतो. बाहेरच्याला वाटतं, सतत मरण पाहणारी ही माणसं मरणावरच विनोद करत असतील. तसे विनोदही असतात, पण थोडे. उपनगरांतल्या गाडीवर हसू येतं ते पत्त्यावर, जिन्यावर, पुलावर, कागदावर आणि खाटेवर. या विनोदांची नीट यादी केली, तर व्यवस्थेला कुठे कुठे भोकं पडली आहेत याची यादी आपोआप हाती येते. या लेखात तीच यादी वाचायची आहे.

‘कै.’ लिहिलेली गाडी

वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत अंधेरी-बोरिवलीत रुग्णवाहिका म्हणजे कुठल्या तरी मंडळाची, ट्रस्टची किंवा शाखेची व्हॅन असायची. अशा गाड्या आजही आहेत आणि त्यांनी असंख्य लोकांची सोय केली आहे. गाडीच्या अंगावर देणगीदाराचं नाव, नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो आणि ठळक अक्षरांत ‘कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ’. हृदयविकाराचा पेशंट आत चढताना पहिली भेट या कैलासवासी गृहस्थांशी होते. आत एक बाकडं, एक स्ट्रेचर, असलाच तर ऑक्सिजनचा सिलिंडर. चालकाच्या जोडीला कुणी प्रशिक्षित माणूस असेल, याची खात्री नाही.

याबाबतीत आपण फार मागासलेले होतो असंही नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत. आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. पेशंट वाचला काय किंवा न वाचला काय, गाडीवाल्याचा धंदा बुडत नाही, हा तिथला त्या काळचा विनोद न सांगताही समजण्यासारखा. १९६६ मध्ये अपघाती मृत्यूंवरचा एक गाजलेला अहवाल आला आणि त्या देशाचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये डॉ. पीटर सफार यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना प्रशिक्षण देऊन ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. गाडीतच उपचार सुरू करणाऱ्या आधुनिक सेवांच्या पूर्वजांत तिचं नाव घेतात.

मुंबईत तो बदल २००५ च्या सुमारास सुरू झाला. शफी माथेर, रवी कृष्णा, स्वेता मंगल, नरेश जैन आणि मनीष संचेती या मित्रमंडळींनी १२९८ क्रमांकाची सेवा सुरू केली. एकाच्या आईला केरळात रात्री श्वास कोंडला तेव्हा धड वाहन मिळालं नव्हतं, दुसऱ्याची आई न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात कोसळली तेव्हा मदत लगेच पोचली होती. या दोन अनुभवांतल्या फरकातून ही कल्पना निघाली. भाडं ठरवायची त्यांची रीतही हुशारीची होती : खासगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण पैसे द्यायचे, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याला सवलत. पेशंट कुठे जातोय यावरून त्याची ऐपत ओळखायची.

२६ जानेवारी २०१४ रोजी राज्य सरकारची १०८ सेवा सुरू झाली. चालवायला बीव्हीजी ही कंपनी, एकूण ९३७ गाड्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक जीवरक्षक. जपमाळेत जितके मणी तितकाच नंबर, तेव्हा लक्षात ठेवायला त्रास नाही. बहुतेक राज्यांत अशा गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर बसवला. हे डॉक्टर बहुतेक करून आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर, आपत्कालीन उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. साकीनाक्याच्या सिग्नलला तिसऱ्यांदा हिरवा होऊनही गाडी जागची हलत नाही, तेव्हा या पदवीतली गंमत पायलटइतकी कुणालाच कळत नसावी.

जिना, लिफ्ट आणि प्लॅस्टिकची खुर्ची

पुण्याहून कॉल आला, गाडी निघाली. आता पत्ता. उपनगरातला पत्ता हा नकाशावरचा बिंदू नसतो, ती एक कथा असते. गणपती मंदिराच्या मागे, पण मोठं मंदिर नव्हे. पूर्वी पिठाची गिरणी होती तिथून डावीकडे, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. सांगणारा तिथे तीस वर्षं राहतोय, म्हणून गिरणी त्याच्या डोक्यात अजून चालू आहे.

पत्ता सापडला की उंची येते. घाटकोपरच्या असल्फ्यात, विक्रोळीच्या पार्कसाइटवर, भांडुपच्या आणि मालाडच्या डोंगरउतारांवर वस्ती चढत गेली; रस्ता खालीच थांबला. असल्फ्याच्या टेकडीवरची घरं काही वर्षांपूर्वी रंगवली गेली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून जाणारे लोक खिडकीतून तिचे फोटो काढतात. फोटोत टेकडी सुंदर दिसते; गाडीतून उतरलेल्या डॉक्टरला तिथे दिसतात त्या पायऱ्या. रुंदी इतकी की समोरून बादली घेऊन बाई आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. तिथे स्ट्रेचर वळत नाही.

मग येते प्लॅस्टिकची खुर्ची. कुणाच्या तरी घरातून ती निघते, कुणी सांगायच्या आधीच. आजोबांना तिच्यावर बसवायचं, ओढणीने किंवा टॉवेलने पोटाशी बांधायचं, पुढे दोघं, मागे दोघं, आणि एक जण विनाकारण ‘सावकाश, सावकाश’ ओरडायला. परदेशांत याच कामासाठी ‘स्टेअर चेअर’ नावाचं खास उपकरण असतं. आपल्याकडे तीच खुर्ची सत्यनारायणाला पाहुणे बसवते आणि रात्री पेशंट उतरवते. खुर्ची नसेल तर चादरीची झोळी. आणि पोरं? ती कुठून येतात कुणाला ठाऊक. मंडळाची, कट्ट्यावरची, एरवी ज्यांच्या नावाने सोसायटी बोटं मोडते तीच. त्यांच्याशिवाय उपनगरातली अर्धी सेवा डोंगराखालीच थांबली असती.

उंच इमारतींत वेगळा तमाशा. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही, उभा करावा तर पेशंट घसरतो. आणि नव्या टॉवरच्या फाटकावर वॉचमन रुग्णवाहिकेला अडवून विचारतो, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय, वहीत एन्ट्री करा. सायरन वाजत असतो, वरचे निळे दिवे फिरत असतात, पण नियम म्हणजे नियम. पिझ्झावाला आणि रुग्णवाहिका यांना एकाच रांगेत उभं करणारी समता फक्त या फाटकांवर आढळते.

अशा गल्ल्यांसाठीच ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत दहा बाइक रुग्णवाहिका आल्या. डॉक्टर स्वतः मोटारसायकल चालवत येतो. मागच्या पेट्यांत ऑक्सिजन आणि औषधं. पेशंटला मागे बसवून नेता येत नाही, पण पहिली काही मिनिटं वाया जात नाहीत. गणवेश आणि हेल्मेट घालून आलेल्या डॉक्टरला पाहून कुरिअर आलंय असं एखाद्या आजीला वाटलं, तर तिला दोष देता येणार नाही.

पूल जुळेपर्यंत

मुंबईची उपनगरं रेल्वेच्या रुळांनी पूर्व आणि पश्चिम अशी चिरलेली आहेत. आजारपण बहुधा ज्या बाजूला होतं, त्याच्या पलीकडे मोठं रुग्णालय असतं. अंधेरी पूर्वेचा पेशंट जुहूच्या कूपर रुग्णालयात न्यायचा तर रूळ ओलांडावे लागतात. ते ओलांडणारा गोखले पूल. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा एक भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा कळलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा नवा पूल यांच्या उंचीत साधारण दीड-दोन मीटरचा फरक आहे. दोन पूल समोरासमोर आले आणि एकमेकांना भेटलेच नाहीत. अख्ख्या अंधेरीने या प्रकारावर हसून घेतलं. पुढे जुलै २०२४ मध्ये ते जोडले गेले आणि मे २०२५ मध्ये पूल पूर्ण खुला झाला. या काळात गाडीत मागे बसलेल्यांनी वळशावर किती मिनिटं घालवली, त्याचा हिशोब कुठल्या उद्घाटनाच्या पाटीवर लिहिलेला नाही.

रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात पश्चिम द्रुतगती महामार्गावर वाट देणाऱ्यांपेक्षा वाट वापरणारे जास्त. सायरनमुळे फट उघडली की दोन-चार मोटारसायकली मागे लागतात, जणू वरातीतले करवले.

आणि मग आहे उपनगरांची खरी रुग्णवाहिका : रिक्षा. बेट-शहरात रिक्षाला बंदी. तिचं राज्य वांद्रे आणि सायनच्या अलीकडे. बाळंतीण, पडलेलं पोर, दमा उपटलेले काका, सगळे आधी रिक्षात बसतात. चालक मीटर टाकायला विसरतो आणि एरवी ‘नही जाएगा’ म्हणणारा माणूस फुटपाथवरून गाडी काढतो. राजावाडी, भगवती, शताब्दी, अगदी सायनपर्यंत तो नेऊ शकतो. पण तिथून पेशंटला परळच्या केईएमला ‘रेफर’ केलं, की रिक्षाची हद्द संपते आणि पुन्हा गाडीची वाट पाहणं आलं.

दोन स्टेशनांच्या मधला माणूस

मुंबईच्या लोकलवर २०२४ या एका वर्षात चोवीसशेहून अधिक माणसं मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून, फलाटाच्या फटीत सापडून. उपनगरांत आपत्कालीन सेवा उभी राहण्यामागे रस्त्यापेक्षा रुळांचा हात मोठा आहे, आणि ती गोष्ट बोरिवलीपासून सुरू होते. १९८९ मध्ये समीर झवेरी या तरुणाचे दोन्ही पाय बोरिवलीजवळ रेल्वेखाली गेले. पुढे त्यांनी माहितीच्या अधिकाराचा आणि जनहित याचिकेचा असा पाठपुरावा केला की मुंबई उच्च न्यायालयाला रेल्वेला वारंवार प्रश्न विचारावे लागले : जखमीला उचलायला माणूस कुठे आहे, स्ट्रेचर कुठे आहे, गाडी कुठे आहे? स्थानकांजवळ रुग्णवाहिका आणि तातडीच्या उपचारांच्या खोल्या आल्या, त्यामागे या चिकाटीचा मोठा वाटा आहे.

त्याआधीची रीत अशी : जखमी सापडला की स्टेशन मास्तरचा मेमो, हमाल, रेल्वे पोलीस, मग रुग्णालय. माणूस दोन स्टेशनांच्या मधे पडला असेल तर तो कुणाच्या हद्दीत, हा प्रश्न आधी. पु. ल. देशपांड्यांच्या ‘म्हैस’मध्ये एका जनावराच्या अपघाताने अख्खी एसटी अडकून पडते आणि पंचनाम्याभोवती सारा गाव जमतो. आपण ते वाचून लोळलो, कारण ते खरं होतं. रुळांवर म्हशीच्या जागी माणूस असायचा आणि कागद तेवढेच असायचे. उचलणारा हमाल मात्र बिनकागदाचा. सामान वाहून कमावलेल्या खांद्याने, कसलंही प्रशिक्षण नसताना, त्याने या शहरातले किती जखमी उचलले याची गणती नाही. पिट्सबर्गने आपल्या बेरोजगार पोरांना शिकवलं. आपण हमालाला मजुरी दिली, शिकवायचं राहिलंच.

योगायोग असा, की झवेरींचा अपघात झाला त्याच १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलं : आधी जीव वाचवा, कायद्याच्या बाबी मागाहून. मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या नियमांवर त्याच न्यायालयाची मोहर उमटायला २०१६ साल उजाडलं.

घाटकोपरचं नावही या इतिहासात दोनदा येतं. जानेवारी २०१४ मध्ये एक कॉलेजकन्या तिथल्या फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत पडून दोन्ही हात गमावून बसली. फलाटांची उंची वाढवायचा प्रश्न त्यानंतर खऱ्या अर्थाने धसास लागला. २०२० मध्ये परळच्या एका रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांचं प्रत्यारोपण झालं. आणि मे २०१७ मध्ये याच स्टेशनवर डॉ. राहुल घुले यांनी पहिलं ‘वन रुपी क्लिनिक’ उघडलं. तपासणी एका रुपयात. मध्य रेल्वेच्या स्थानकांवर या दवाखान्यांत पुढे बाळंतपणंही झाली. लोकलमध्ये बसायला जागा मिळत नाही, पण जन्माला यायला मिळते.

जोगेश्वरीचे दोन मनोरे

गाडीवरच्या माणसांचं पंचांग वेगळं असतं. संक्रांत म्हणजे मांजा आणि पुलावरचे दुचाकीस्वार. होळी म्हणजे भांग. दिवाळी म्हणजे भाजलेले हात. पहिला पाऊस म्हणजे घसरलेल्या मोटारसायकली. आणि गोकुळाष्टमी म्हणजे जोगेश्वरी.

जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा मनोरा रचून जागतिक विक्रम केला. त्याच जोगेश्वरीत, महामार्गाला लागून, महापालिकेचं बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. थर रचणारे आणि हाडं सांधणारे एकाच उपनगरात, हे नगररचनेचं क्वचित दिसणारं यश. आठव्या थरावरचा पोरगा खाली येतो तेव्हा त्याला झेलणारे हातही त्याच पथकाचे असतात. गाडी येईपर्यंत पथकाने त्याला खांद्यावर घेतलेलं असतं आणि पोरगा कण्हत कण्हत विचारत असतो, हंडी कुणी फोडली?

हसण्याचे नियम

कुठल्याही देशातल्या आपत्कालीन विभागात एक अंधश्रद्धा ठाम आहे : ड्यूटीवर ‘आज काय निवांत आहे’ असं म्हणायचं नाही. म्हटलं की कॉल सुरू. ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी याची रीतसर चाचणी घेतली. काही दिवस ‘आज शांत दिवस जाणार’ असं मुद्दाम म्हणायचं, काही दिवस नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१९ च्या नाताळ अंकात निष्कर्ष आला : काम काही वाढत नाही. तरीही तो शब्द उच्चारणाऱ्याकडे सगळे रागानेच बघतात. विज्ञान एका बाजूला, रात्रपाळी दुसऱ्या बाजूला.

फ्रॉइडने १९२७ च्या निबंधात विनोदाचं उदाहरण म्हणून सोमवारी फाशी जाणारा एक कैदी घेतला आहे. आठवड्याची सुरुवात छान झाली, असं तो म्हणतो. दुःखापुढे मान न तुकवणं हे फ्रॉइडच्या मते या हसण्याचं बळ. अमेरिकेत लिंडा रोझेनबर्ग यांनी १९९१ मध्ये आपत्कालीन कर्मचाऱ्यांच्या विनोदाचा अभ्यास केला आणि ताण सोसायची ती एक रीत आहे, असं मांडलं. २०११ मध्ये केटी वॉटसन यांनी या प्रश्नाची अवघड बाजू पुढे आणली. त्यांच्या लेखातले डॉक्टर रात्री पिझ्झा मागवतात. तो आणणाऱ्या पोरावर वाटेत गोळीबार होतो, त्याच डॉक्टरांसमोर त्याला आणतात, तो वाचत नाही. बाहेर पडलेला पिझ्झा उचलून आणला जातो आणि कुणी तरी विचारतं, टिप किती द्यायची? हे क्रूर आहे की शहाणपणाचं? वॉटसन यांचा कल असा, की मरणावर हसणं आणि मरणाऱ्यावर हसणं यांत फरक केला पाहिजे.

उपनगरातल्या गाडीवर हा फरक कुणी शिकवत नाही, पण पाळतात. नातेवाइकांसमोर हसू नाही. लहान मुलाच्या केसवर विनोद नाही, नंतरही नाही. काही दिवसांवर तर अजिबात नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात लोकलमध्ये स्फोट झाले. स्फोटांच्या ठिकाणांत जोगेश्वरी आणि बोरिवलीही होती. तेव्हा १०८ नव्हती, चादरी आणि रिक्षा होत्या. कोविडच्या साथीत, २०२० च्या जूनपासून पालिकेच्या चोवीस वॉर्डांत वॉर रूम सुरू झाल्या, बेस्टच्या बसगाड्यांच्या रुग्णवाहिका झाल्या, आणि पीपीई किटमध्ये घामाने भिजलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरेही दिसत नव्हते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळात पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. खाली पेट्रोल असल्याने गॅस कटर चालवता येईनात, आत माणसं अडकलेली आणि बाहेर रुग्णवाहिका उभ्या. त्या होर्डिंगवर गाडीवाल्यांनी विनोद रचलेला माझ्या कानावर तरी आलेला नाही.

बाकीचे दिवस मात्र हसल्याशिवाय निभत नाहीत. आधीचा पेशंट ‘ब्रॉट डेड’ लिहून कॅज्युल्टीत सोपवायचा, स्ट्रेचर पुसायचा, चादर बदलायची आणि पुढच्या कॉलला निघायचं. मधल्या वेळात कुणी तरी चहा सांगतो आणि कुणी तरी वॉचमनची नक्कल करतो. तेवढीच त्यांची सुट्टी.

जुने झालेले विनोद

हे विनोद अमर नाहीत, हीच आशेची गोष्ट. गोखले-बर्फीवाला पुलावरचा विनोद आज कुणी सांगत नाही. मोबाईलवर लोकेशन धाडता येऊ लागल्यापासून गिरणीचे किस्से कमी झाले. फलाट उंच झाले तसा फटीवरचा कडवट शेराही विरळ झाला. नव्या भरती झालेल्या पोराला एखादा किस्सा समजावून सांगावा लागला, तर समजायचं की तिथलं एक भोक बुजलं. आरोग्य खात्याने प्रतिसादाच्या मिनिटांची सरासरी मोजावी, ती मोजायलाच हवी; पण वर्षाकाठी कोणते किस्से बाद झाले हेही एकदा गाडीवरच्यांना विचारावं.

वाचकाच्या हातातही थोडं आहे. फोन करताना जवळची मोठी खूण सांगावी आणि फोन चालू ठेवावा. एक माणूस फाटकावर उभा करावा, दुसऱ्याने लिफ्ट खाली थांबवावी. छाती दाबायचं तंत्र शिकून घ्यावं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मधे न थांबता, एवढं आलं तरी गाडी येईपर्यंत पुष्कळ होतं. आणि ‘एवढा उशीर का झाला’ हे विचारायचंच असेल, तर पेशंट आत चढवून झाल्यावर विचारावं. उत्तर द्यायला वाटेत भरपूर वेळ मिळतो. जोगेश्वरीचा सिग्नल काही लवकर सुटत नाही.